लाकडी होडीवर फायबरग्लास चढवायचं असेल तर: मॅट, रेझिन आणि लाकडातली ओल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या वेळची २२ फुटी लाकडी होडी, फळ्या सागाच्या, सांध्यांतून पाणी घेते. पावसाळ्यात ती वर ओढलेली असते. त्या काळात, म्हणजे जुलैत, तिला बाहेरून ४५० च्या मॅटचे (काचेच्या तुकड्यांची चादर, चौरस मीटरला ४५० ग्रॅम) दोन थर साध्या रेझिनमध्ये (सेट होऊन टणक होणारा चिकट द्रव) बसवायचे आणि नारळी पौर्णिमेला पाण्यात सोडायची असा बेत आहे. आधी एका जुन्या फळीवर नमुना करून पाहिला. मगातलं रेझिन निम्मं वापरायच्या आत तापून दगड झालं, मॅटमध्ये पांढरे डाग राहिले, वरचा भाग दुसऱ्या दिवशीही हाताला चिकटत होता, आणि आठवड्याने कोपऱ्यातून ओढल्यावर अख्खा थर हातात आला. चुकलं कुठे आणि माल किती लागेल, असं विचारलं आहे.

सगळ्यात आधी जुलै सोडा. बाकीच्या तीन तक्रारी हातच्या आहेत, त्या सुधारता येतात. थर सुटून आला त्याचं मुख्य कारण मात्र ओल आहे, आणि कोकणातल्या जुलैत लाकूड कोरडं मिळत नाही. पत्र्याच्या शेडखाली होडी महिनाभर उभी असली तरी मिळत नाही. हवेतच एवढा दमटपणा असतो की लाकूड तो शोषत राहतं. मासेमारी बंदीमुळे आणि खवळलेल्या दर्यामुळे जून-जुलै रिकामे मिळतात, म्हणून सगळी डागडुजी तेव्हाच करायची सवय आपल्याकडे आहे. सांध्यांत कापूस आणि चंद्रूस (राळ) भरायला, तेल द्यायला ते महिने चालतात. रेझिनला चालत नाहीत.

माझा सल्ला असा: यंदा सांधे जुन्या पद्धतीने भरून हंगाम काढा. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर होडी वर घ्या, गोड्या पाण्याने आतबाहेर धुऊन मीठ काढा, सावलीत पण वाऱ्यावर पालथी घाला आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात काम करा. मासेमारीचे काही दिवस बुडतील हे खरं. ते परवडत नसतील तर डिसेंबर-जानेवारीत होडी काढा, तेव्हाची हवा या कामाला सगळ्यात चांगली. लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या खाली हवा, १२ असेल तर उत्तमच. मॉइश्चर मीटर हल्ली सहज मिळतो. तो नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा फळीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. आतून थेंब धरले तर लाकूड अजून ओलं आहे, थांबा. ही परीक्षा पठाणाजवळ (तळाचा मधला कणा) आणि नाळेच्या (पुढचं टोक) बुडाशी घ्या. वरच्या फळ्या लवकर वाळतात, खालच्या नाही.

आता रेझिन. तुम्ही आणलंय ते जनरल पर्पज पॉलिएस्टर. साच्यात नवीन फायबरची होडी, टाकी, पत्रा करायला ते ठीक आहे, कारण तिथे रेझिन रेझिनलाच चिकटत असतं. लाकडाला ते मनापासून धरत नाही. सेट होताना ते आकारमानाने ५ ते ८ टक्क्यांपर्यंत आकसतं, म्हणजे जन्मतःच लाकडापासून ओढ घेतं. त्यात सागाला स्वतःचं तेल असतं. वर्षभर फळी पाण्याने फुगली, उन्हाने आकसली की पॉलिएस्टरचा थर आधी सांध्यावर तडकतो, मग मागून पाणी शिरतं आणि आतलं लाकूड गुपचूप कुजत राहतं. बाहेरून होडी चकचकीत, आतून फळीत स्क्रू ड्रायव्हर बोटभर जातो, अशा होड्या किनाऱ्यावर भरपूर दिसतील. म्हणून लाकडावर करायचं असेल तर एपॉक्सी, हे वेगळ्या जातीचं रेझिन. किलोमागे ते बरंच महाग पडतं, पण माल कमी लागतो. ते आकसतं नगण्य आणि लाकडाला खरंच धरतं.

लाकूड आणि काच एकत्र नांदू शकतात याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शेजारीच तयार झाला. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली नौदलाची शिडाची नौका म्हादेई लाकडी गाभ्यावर काच आणि एपॉक्सी चढवूनच केली होती. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे आणि २०१२-१३ मध्ये, तेही कुठे न थांबता, अभिलाष टॉमी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पण तिच्यातला फरक नीट समजून घ्या. तिथे लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, सुरुवातीपासून कोरड्या आणि दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या होत्या. एकही पट्टी स्वतंत्रपणे हलत नव्हती. तुमच्या होडीच्या फळ्या खिळ्यांवर बसवलेल्या आहेत, प्रत्येक फळी आपापली फुगते. त्यामुळे काच चढवण्याआधी होडीचा सांगाडा घट्ट असायलाच हवा. सैल झालेले खिळे बदला, कुजलेली फळी काढून नवी घाला, तुटलेला वाक (आतली बरगडी) जोडा. सांध्यांतला जुना कापूस आणि चंद्रूस पूर्ण खरवडून काढा आणि ती भेग एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा. फायबरग्लास हे खिळखिळ्या होडीवरचं औषध नाही. फळ्या हाताने दाबल्यावर हलत असतील तर मी हे काम घेत नाही आणि तुम्हीही करू नका.

एपॉक्सी घेतलं तर मॅट बदलावी लागेल, हे दुकानात बहुतेक कोणी सांगत नाही. मॅटमधले काचेचे तुकडे एका बंधक द्रव्याने धरून ठेवलेले असतात. पॉलिएस्टरमध्ये स्टायरीन असतं, ते हे बंधक विरघळवतं आणि मॅट मऊ होऊन बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे साधी मॅट कडक राहते, नीट भिजत नाही, कोपऱ्यात उठून येते. एपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लास क्लॉथ वापरा, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचं, दोन थर.

मॅट आणि पॉलिएस्टरचं काम तुम्हाला पुढेही लागेलच, डेकवर, खणांच्या झाकणांवर, नवीन फायबर होडीच्या दुरुस्तीत. म्हणून तुमच्या नमुन्यातले दोष एकेक करून सांगतो.

मगातलं रेझिन तापून दगड झालं, कारण ते सेट होताना स्वतः उष्णता सोडतं आणि खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही. ती वाढली की रेझिन आणखी वेगाने सेट होतं, मग आणखी उष्णता. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका, आणि कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाती असलेला वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून मेमध्ये काम सूर्य चढायच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. रोज सकाळी शंभर ग्रॅमचा नमुना कालवून घड्याळ लावायचं, तो किती मिनिटांत जेलीसारखा होतो ते भिंतीवर लिहायचं, मग दिवसाचं माप ठरवायचं. हार्डनर, म्हणजे रेझिन सेट करणारा द्रव, वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात एकाच्या जवळ, थंडीत दोनच्या. वेळ वाढवायला एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन आतून कधीच पुरतं पक्कं होत नाही. बाटलीच्या झाकणाने मापू नका. सुई काढलेली सिरिंज घ्या.

इथेच सुरक्षेची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने व्हावं म्हणून रेझिनमध्ये घालायचं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. थेंबभरही नाही. आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या, बाटल्या वेगळ्या फळीवर, आणि हार्डनरच्या सिरिंजला लाल टेप. बऱ्याच दुकानांत कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, ते विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे कालवताना गॉगल लावलाच पाहिजे. गेलाच डोळ्यात तर लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटं धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. हार्डनर लागलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून उघड्यावर टाका. स्टायरीनची वाफ ३१ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मेमधली कुठलीही बंद शेड धोक्याची. दोन्ही बाजू उघड्या ठेवा, विडी लांब.

पांढरे डाग म्हणजे कोरडी राहिलेली काच. मॅट फळीवर ठेवून वरून रेझिन ओतलं की हे होतं, कारण हवा खाली अडकते. क्रम उलटा हवा. आधी पृष्ठभागावर रेझिनचा ओला हात, त्यावर मॅट, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. खालचं रेझिन मॅट स्वतः वर ओढते आणि बंधक विरघळतं. ही दोन-तीन मिनिटं कोणालाच धरवत नाहीत, आणि नवशिक्याचं काम इथेच बिघडतं. बंधक सुटण्याआधी ब्रश फिरवला तर तुकडे गोळा होऊन येतात. त्यानंतर कोरड्या दिसणाऱ्या जागी थोडं थोडं रेझिन, आणि ब्रश ओढायचा नाही, टोकाने ठोकत न्यायचा. मग खाचांचा ॲल्युमिनियम रोलर मधून कडेकडे, हलक्या दाबाने. जोराने दाबलात तर रेझिन पिळून निघतं आणि हवा पुन्हा आत जाते. काच पूर्ण भिजली की ती दिसेनाशी होते, खालच्या फळीचे रेषे दिसायला लागतात. दिसले की थांबा.

आणखी रेझिन ओतून काम मजबूत होतं हा समज आमच्या धंद्यातही खोलवर बसलेला आहे. ताकद काचेची असते. रेझिन तिला जागेवर धरतं आणि पाणी बाहेर ठेवतं. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन पुरतं, विणलेल्या कापडाला साधारण वजनाइतकंच. त्याहून जास्त झालं की थर ठिसूळ होतो, उन्हात तडकतो. मॅट आधी तोलून घ्या आणि त्यावरून रेझिन कालवा. अंदाजाने ओतणाऱ्याचा हात नेहमी जास्तीकडेच जातो.

मॅट दमट झाली तरी पांढरेपणा राहतो. रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभा ठेवा, जमिनीवर नको. कापताना कडा कात्रीने सरळ कापण्यापेक्षा हाताने फाडा. फाटलेली कड विरळ असते, पुढच्या तुकड्यात ती मिसळून जाते आणि जोडाचा उंचवटा राहत नाही. जोड दोन इंचांचे घ्या आणि वरच्या थराचे जोड खालच्या जोडांवर येऊ देऊ नका. काटकोनी कोपऱ्यात मॅट वळत नाही, मागे पोकळी राहते. म्हणून बाहेरचे कोपरे घासून गोल करायचे आणि आतले कोपरे भरून गोल करायचे, अंगठ्याएवढ्या गोलाईने. पठाण जिथे फळीला मिळतं तिथे हे विसरलात तर पहिला तडा तिथेच जाईल.

चिकटपणाची कारणं दोन. ॲसिटोनची चिंधी फिरवून पाहा. वरचा चिकटा निघून खाली टणक लागलं तर काळजीचं काही नाही. पॉलिएस्टरचा हवेला लागलेला पृष्ठभाग पूर्ण सेट होत नाही, आणि मधल्या थरांसाठी ते सोयीचंच असतं, पुढचा थर त्याला नीट धरतो. फक्त शेवटच्या हातात मेण मिसळलेलं रेझिन घ्यायचं, मेण वर येऊन हवा अडवतं. पण चिंधीने रेझिनच मऊ पडून निघत असेल तर हार्डनर कमी पडला, नीट ढवळला गेला नाही, कोबाल्ट राहून गेलं किंवा रेझिन जुनं होतं. त्यावर दुसरा थर चढवून उपयोग नाही, खरवडून काढावं लागतं. रेझिन उन्हाळ्यात चार-सहा महिन्यांत डब्यातच दाट होऊ लागतं, तेव्हा तारीख पाहून घ्या.

४५० च्या मॅटचे तीन-चारपेक्षा जास्त थर एका बैठकीत लावू नका, उष्णतेने थर पांढरा पडतो आणि वाकतो. पुढचा थर २४ तासांच्या आत आला तर तो आधीच्याशी एकजीव होतो. उशीर झाला तर पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय चढवायचा नाही, मेणाचा हात दिलेला असेल तर मुळीच नाही.

आता होडीचं प्रत्यक्ष काम. रंग ग्राइंडरने पूर्ण उतरवून ८० नंबरच्या कागदाने लाकूड उघडं करा. धूळ झटकून, सागाला ॲसिटोनची स्वच्छ चिंधी मारून, ॲसिटोन उडाल्याबरोबर एपॉक्सीचा पहिला पातळ हात द्या. हा हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना. सकाळी ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि शेकडो बुडबुडे धरतात. संध्याकाळी तेच लाकूड रेझिन आत ओढून घेतं. कापड पठाणापासून सुरू करून दोन्ही बाजूंनी काठाकडे न्या, पठाणावर आणि नाळेवर ते एकावर एक येऊ द्या, कारण वाळूवर ओढताना झीज तिथेच होते. तिथे तिसरी पट्टीही घाला. थर रबरासारखा झाला की काठावरचं जादा कापड धारदार सुरीने सहज कापलं जातं. कडक झाल्यावर ग्राइंडर लावावा लागतो आणि काचेची धूळ अंगभर होते. ग्राइंडिंगला मास्क हवाच. खाज सुटली तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तुकडे आणखी आत जातात.

एपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण हवामानानुसार बदलायचं नसतं. डब्यावर वजनाने लिहिलंय की आकारमानाने ते बघून तंतोतंत तेवढंच. वेळ हवा असेल तर सावकाश सेट होणारा हार्डनर मागा. पॉलिएस्टरची सवय असलेले हात इथे हमखास चुकतात. सेट झाल्यावर वर साबणासारखा निसरडा थर येतो, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊनच पुढे घासा.

माल. होडीची बाहेरची बाजू साधारण १८ चौरस मीटर धरतो. ३०० चं कापड दोन थर म्हणजे ११ किलो, जोड आणि पट्ट्या धरून १३. ते भिजवायला तेवढंच एपॉक्सी, खालचा एक आणि वरचे दोन भरण्याचे हात, सांधे, कोपरे, सगळं मिळून हार्डनरसह २५ किलोच्या आसपास. तुमच्या मूळ बेतात १८ किलो मॅट आणि ४५ ते ५० किलो रेझिन गेलं असतं, आणि होडी तेवढ्याने जड झाली असती. दोन्हींचा खर्च मांडून बघा, फरक वाटतो तितका मोठा राहत नाही.

वर रंग दिल्याशिवाय होडी उन्हात ठेवू नका, ऊन एपॉक्सी खातं. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग चांगला बसतो. एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) किंवा पॉलिएस्टरमधली मॅट मात्र नको, ती नीट धरत नाही. उलट, म्हणजे जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी, चालतं. पाण्यात सोडण्याआधी निदान आठवडाभर जाऊ द्या.

एक गोष्ट सवयीची. बाहेरून बंद केलेल्या होडीला आतल्या पावसाच्या पाण्याचा धोका जास्त असतो. खारं पाणी लाकूड तसं टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. पावसाळ्यात ती पालथी किंवा झाकलेली हवी, आणि तळाशी पाणी साचू द्यायचं नाही. दर वर्षी वर काढली की नाण्याने सगळीकडे टिचकी मारत फिरा. जिथे आवाज पोकळ येईल तिथे खडूने खूण करा, तेवढा भाग कापून काढा, लाकूड वाळवा आणि कडा थराच्या जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत उतरत्या घासून पुन्हा भरा. ठिगळांत मोठा तुकडा आधी, लहान नंतर. मोठा तुकडा सगळ्या घासलेल्या जागेला एकसंध धरतो.